उघड्या सेलची वंशावळ

व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. या दोन मापांवरूनच त्या लिथियम सेलचं नाव पडलं: १८६५०. टॉर्चमध्ये, पॉवर बँकेत, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत तो असतो. आणि ज्या देशांत व्हेपिंगला कायद्याने मुभा आहे तिथे व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, दांड्यात तोच असतो. नव्याने सुरू करणाऱ्याला तिथला दुकानदार काही गोष्टी बजावतो. सुटा सेल खिशात टाकू नका. वरचं प्लास्टिक फाटलं असेल तर तो सेल वापरू नका. तापणाऱ्या तारेचा, म्हणजे कॉइलचा, रोध पाहा, वॉट खालून वर न्या, रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.

सांगतो ते सगळं बरोबर असतं. पण कारण न कळलेला नियम माणूस फार दिवस पाळत नाही. मागे जात राहिलं तर यातल्या बहुतेक सूचनांच्या मुळाशी कुठे ना कुठे लागलेली आग सापडते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हा सेल सुटा, उघडा, ग्राहकाच्या हातात जाण्यासाठी कधी बनवलाच गेला नव्हता. व्हेपिंग आरोग्याला किती घातक, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. निकोटीनचं व्यसन लागतं याबद्दल तर वाद नाही. इथे मागोवा घ्यायचा आहे तो फक्त विजेचा.

लिथियम हा सगळ्यात हलका धातू, आणि इलेक्ट्रॉन सोडून द्यायला फार उतावीळ. म्हणून बॅटरीसाठी तो हवाहवासा, आणि म्हणूनच धोक्याचा. १९७० च्या दशकात तेलटंचाईच्या काळात एक्सॉन या तेल कंपनीतच स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियमची पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. एका बाजूला लिथियम धातू, दुसऱ्या बाजूला टायटॅनियम डायसल्फाइडचे थर. लिथियमचे आयन त्या थरांच्या फटींत शिरत आणि चार्ज करताना परत निघत. अडचण परतीच्या प्रवासात होती. लिथियम धातूवर परत बसताना सपाट बसत नसे, सुयांसारखा वाढत असे. एखादी सुई मधला पडदा भेदून पलीकडे पोहोचली की सेल आतल्या आत शॉर्ट होई.

ही अडचण प्रयोगशाळेतच राहिली असती तर बरं झालं असतं. कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक रुडी हेरिंग यांच्या संशोधनातून १९७७ मध्ये मोली एनर्जी ही कंपनी उभी राहिली. मॉलिब्डेनम डायसल्फाइड आणि लिथियम धातू, अशी जोडी वापरून तिने चार्ज होणारे सेल मोठ्या प्रमाणावर बनवले. ते जपानमध्ये एनटीटी या दूरसंचार कंपनीच्या मोबाइल फोनमध्ये बसले. १९८९ मध्ये त्या फोनने पेट घेतल्यावर सगळे सेल परत मागवावे लागले आणि कंपनी कोलमडली. ती पुढे जपानी आणि मग तैवानी मालकीत गेली. मोलिसेल हे नाव मात्र टिकलं. आज अनुभवी व्हेपर एकमेकांना ज्या सेलांची खात्रीने शिफारस करतात, त्यांत मोलिसेलचा पी२६ए आणि पी२८ए असतो. ज्या घराण्याने लिथियमचे चटके सगळ्यात आधी सोसले, त्याच घराण्याचा माल आज भरवशाचा मानला जातो, हे मला या सगळ्या इतिहासातलं फार बोलकं सत्य वाटतं.

त्या सुयांवर उपाय निघाला तो लिथियम धातूच काढून टाकण्याचा. १९८० मध्ये ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा धन ध्रुव दाखवून दिला. व्हिटिंगहॅम यांच्या सेलमध्ये दोन व्होल्टांच्या वर थोडं मिळत होतं; इथे चार मिळू लागले. त्याच सुमारास राशिद याझामी यांनी ग्राफाइटच्या थरांत लिथियम आत-बाहेर करता येतो हे दाखवलं. जपानमध्ये असाही कासेई कंपनीत अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये कोबाल्ट ऑक्साइडसमोर पेट्रोलियम कोकचा कार्बन ठेवला. आता लिथियम धातूच्या रूपात कुठेच नव्हता. दोन्हीकडे तो आयन म्हणून थरांमध्ये दडलेला. योशिनोंनी स्फोटकांच्या चाचणीसाठी बांधलेल्या जागेत हा सेल नेला आणि त्यावर लोखंडाचा जड तुकडा पाडला. काही झालं नाही. शुद्ध लिथियम असलेल्या सेलवर तोच तुकडा पाडला, तेव्हा भयंकर स्फोट झाला. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. कॅसेटच्या फितींवर पातळ, एकसारखा लेप चढवण्याचं कसब सोनीकडे होतंच. सेलमधल्या धातूच्या पत्र्यांना लेप देतानाही तेच उपयोगी पडलं. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते.

या टप्प्यावरचे दोन वारसे आजच्या प्रत्येक चार्जरमध्ये आहेत. चार्जर ४.२ व्होल्टला थांबतो. तोपर्यंत कोबाल्ट ऑक्साइडमधला साधारण निम्मा लिथियम बाहेर आलेला असतो. त्यापुढे ओढत राहिलं तर उरलेला सांगाडा डळमळतो, आणि तापल्यावर त्यातून ऑक्सिजन सुटतो. जळायला लागणारा प्राणवायू सेल स्वतःच पुरवू लागतो, म्हणून ही आग आवरणं इतकं अवघड. दुसरा वारसा सुयांचा. धातू काढून टाकला तरी त्या कायमच्या गेल्या नाहीत. गोठवणाऱ्या थंडीत चार्ज केलं किंवा फार वेगाने प्रवाह आत ढकलला, तर आयनांना ग्राफाइटमध्ये शिरायला वेळ मिळत नाही आणि लिथियम पृष्ठभागावर धातू म्हणून साचतो. टोरोंटोत राहणाऱ्या मराठी माणसाने जानेवारीत रात्रभर गाडीत राहिलेला सेल घरात आणल्या आणल्या चार्जरला लावू नये, याचं मूळ १९८९ च्या त्या फोनपाशी पोहोचतं.

आता हे सेल ज्यात जोडलेले असतात त्या पॅकबद्दल. लॅपटॉपच्या बॅटरीचं कवच उघडलं की आत १८६५० चे सहसा सहा सेल जोडलेले दिसतात, आणि शेजारी एक छोटा सर्किट बोर्ड. चार्ज जास्त झाला, सेल फार उतरला, प्रवाह मर्यादेबाहेर गेला, की हा बोर्ड वाट तोडतो. तापमान मोजायला सेन्सर असतो, वर फ्यूज असतो. सेलांच्या जोड्या एकाच प्रकारच्या, एकाच वयाच्या निवडलेल्या असतात. एवढं करूनही चूक होते. २००६ मध्ये डेलने सोनीचे सेल असलेल्या ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या. कारखान्यात सेल बनताना आत राहिलेले धातूचे सूक्ष्म कण त्याला कारण ठरले. उत्तम कारखाना, उत्तम कंपनी, पूर्ण संरक्षण असलेला पॅक, आणि तरीही आग. मग पॅकच काढून टाकल्यावर काय राहतं, याचा विचार करावा.

सेल पॅकच्या बाहेर आला तो बऱ्याच अंशी व्हेपमुळे. पण त्याआधी त्याच्या अंगात जोर आला तो ड्रिलमुळे. लॅपटॉपला हळूहळू, तासन्‌तास चालणारी वीज लागते. भिंतीत भोक पाडणाऱ्या यंत्राला एकदम पुष्कळ प्रवाह लागतो. २००५ मध्ये मिलवॉकीने २८ व्होल्टची लिथियम-आयन हत्यारं आणली, त्यांत मोलीचेच सेल होते. अशा सेलमध्ये पत्र्यांवरचा लेप पातळ असतो. लेप जाड केला तर साठा वाढतो पण प्रवाह मंदावतो. पातळ केला तर प्रवाह वाढतो आणि साठा घटतो. शिवाय लॅपटॉपच्या अनेक सेलांत वरच्या टोपीखाली एक चकती असे, जी तापली की प्रवाह अडवी. जोरकस सेलांत ती अडचणच, म्हणून ती बऱ्याचदा वगळली गेली.

म्हणून सेल निवडताना नवख्याचा जो हमखास गोंधळ होतो, त्याचं उत्तर याच लेपाच्या जाडीत आहे. ३५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल २५०० च्या सेलपेक्षा ‘चांगला’ नसतो. पहिला सलग साधारण ८ ते १० अँपिअर देतो, सॅमसंग २५आर सारखा दुसरा २० अँपिअर. व्हेपला दुसऱ्याची गरज असते. आणि १८६५० च्या डब्यात आजच्या रसायनशास्त्राने ३५०० च्या फार पुढे साठा मावत नाही. वेष्टनावर ९९०० छापलेला सेल कुठल्याही किमतीला मिळाला तरी तो खोटा आहे. ज्याने ही संख्या खोटी छापली, त्याच्या अँपिअरच्या आकड्यावरही विश्वास ठेवू नये.

इलेक्ट्रॉनिक सिगारेटची कल्पना अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांनी मांडली होती. त्यांना १९६५ मध्ये पेटंटही मिळालं, पण उत्पादन बाजारात आलं नाही. आजच्या व्हेपचा उगम चीनमधल्या होन लिक या औषधशास्त्रज्ञाच्या २००३ च्या कामात आहे. सुरुवातीची यंत्रं दिसायलाच सिगारेटसारखी होती, आणि तेवढ्याशा नळीत मावणारा सेल लगेच संपे. वापरणारे वैतागले. २००८ च्या सुमारास काहींनी टॉर्चची नळी घेतली, आत मोठा सेल टाकला, टोकाला द्रव तापवून त्याची वाफ करणारी कॉइल बसवली, बटण लावलं. लोक याला मॉड म्हणू लागले. यातला सर्वांत साधा प्रकार म्हणजे मेकॅनिकल मॉड: धातूची नळी, सेल, बटण. बोर्ड नाही, फ्यूज नाही, सेन्सर नाही. बटण दाबलं की सेल थेट कॉइलला जोडला जातो.

पॅकमध्ये बोर्ड जे काम करत होता ते त्या दिवसापासून बटण दाबणाऱ्याच्या डोक्यावर आलं. त्याला गणित आलंच पाहिजे, आणि ते गणित ग्योर्ग ओम यांनी १८२७ मध्येच मांडून ठेवलं आहे. व्होल्टला ओहमने भागलं की अँपिअर. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, कॉइल ०.५ ओहमची, तर ८.४ अँपिअर; जोर साधारण ३५ वॉट. वीस अँपिअरच्या सेलला हे सहज झेपतं. कॉइल ०.१५ ओहमची केली की २८ अँपिअर, ०.१ ची केली की ४२. दुसऱ्या आकड्यापासून तिसऱ्यापर्यंत तार जेमतेम काही वेढ्यांनी कमी झालेली असते, आणि हा फरक नुसत्या डोळ्यांनी मोजता येत नाही. रोध मोजणारा मीटर नसेल तर मेकॅनिकल मॉडला हात लावू नये. मीटर असला तरी नवख्याने लावू नये, असंच माझं मत आहे. दोन सेल एकामागे एक जोडणाऱ्या मॉडमध्ये व्होल्ट दुप्पट होतात, त्याच कॉइलमधून प्रवाहही दुप्पट वाहतो आणि वॉट चौपट होतात. काही मॉडमध्ये कॉइलच्या टाकीची मधली पिन थेट सेलच्या टोकावर टेकते; ती पिन पुरेशी बाहेर आलेली नसेल तर धन टोक टाकीच्या आट्यांना लागतं आणि पूर्ण शॉर्ट होतो. नळीला वायू निसटायला भोकं नसतील तर तापलेल्या सेलचा वायू आतच कोंडतो. २०१८ मध्ये फ्लॉरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये व्हेपच्या स्फोटाने माणसं दगावली. उडालेल्या तुकड्यांनी जीव घेतला.

बोर्ड परत आला तो २०१० च्या आसपास. अमेरिकेत ओहायोच्या इव्हॉल्व्ह कंपनीने डार्विन नावाचं यंत्र काढलं. त्यात माणसाने वॉट ठरवायचे, व्होल्ट किती द्यायचे ते यंत्र कॉइलचा रोध मोजून स्वतः ठरवी. आज रेग्युलेटेड म्हणून विकल्या जाणाऱ्या मॉडचं हे मूळ. शॉर्ट ओळखणं, सेल फार उतरला की थांबणं, कॉइल नसेल तर न पेटणं, हे सगळं आज बोर्ड करतो. लॅपटॉपच्या पॅकमधला राखणदार यंत्राच्या अंगात शिरला, असं म्हणता येईल. सेल मात्र अजून सुटाच राहिला.

इथे गणितही उलटं होतं, आणि जुनेजाणतेही इथे चुकतात. मेकॅनिकल मॉडमध्ये भरलेला सेल सर्वांत जास्त प्रवाह देतो. रेग्युलेटेडमध्ये सर्वांत जास्त भार उतरलेल्या सेलवर पडतो, कारण ठरवलेले वॉट द्यायचेच असतात आणि व्होल्ट कमी झाले की बोर्ड अँपिअर वाढवून घेतो. ६० वॉट घ्या. भरलेल्या सेलमधून त्यासाठी १४ अँपिअरच्या वर प्रवाह लागतो. सेल ३.२ व्होल्टवर आला आणि बोर्डाची थोडी गळती धरली, की तोच आकडा २१ च्या जवळ पोहोचतो. म्हणजे एका सेलच्या मॉडवर वीस अँपिअरचा सेल घालून ६० वॉटला चालवणं हे काठावर चालणं आहे. कॉइल किती ओहमची, याने इथे सेलला फारसा फरक पडत नाही, वॉटने पडतो. दोन सेलांच्या मॉडमध्ये हा भार निम्मा निम्मा वाटला जातो, मात्र दोन्ही सेल एकाच वेळी घेतलेले, एकाच जातीचे, नेहमी जोडीनेच वापरलेले आणि जोडीनेच चार्ज केलेले हवेत. लॅपटॉपच्या पॅकमध्ये हीच जुळणी कारखाना करत होता.

नवख्यासाठी आकडे लहान असतात, आणि लहानच बरे. सिगारेटसारखा आधी तोंडात आणि मग छातीत ओढायचा प्रकार असेल तर कॉइल एक ओहमच्या आसपासची आणि वॉट १० ते १५. एवढ्यात सेलवर पडणारा भार नगण्य असतो. कॉइलवर वॉटची कक्षा छापलेली असते, तिच्या खालच्या टोकापासून दोन-तीन वॉटने वर जावं. नव्या कॉइलमधला कापूस द्रवाने भिजायला पाच-दहा मिनिटं द्यावीत. कोरडा कापूस जळला तर घशाला लागणारा तो करपट धूर आरोग्याला तर वाईटच, आणि कॉइलही गेली. तापमान नियंत्रणाची सोय साध्या कॉइलवर चालत नाही, यालाही कारण आहे. कान्थाल ही लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमची तार १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये हान्स फॉन कान्टसोव यांनी भट्ट्यांसाठी बनवली. तापल्यावर तिचा रोध फारसा बदलत नाही हा तिचा गुण; पण तापमान ओळखणारा बोर्ड नेमका त्या बदलावरच जगतो. म्हणून त्यासाठी निकेल, टायटॅनियम किंवा स्टेनलेस स्टीलची तार लागते.

एवढी काळजी यंत्राची, पण अपघातांची नोंद वेगळीच गोष्ट सांगते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ मध्ये अहवाल काढला. २००९ ते २०१६ या काळातल्या १९५ घटना त्यात होत्या. १३३ जण जखमी, त्यांतले ३८ गंभीर. ६१ घटनांत व्हेप किंवा सुटा सेल खिशात होता, ६० मध्ये वापर चालू होता, ४८ मध्ये चार्जिंग. म्हणजे खिसा हा ओठांइतकाच धोक्याचा ठरला.

सेल हातात घेऊन पाहिलं की कारण दिसतं. त्याचा अख्खा डबा ऋण टोक असतो, खालचा तळ तेवढा नव्हे. वरच्या धन टोपीच्या कडेला एक पांढरी कागदी किंवा प्लास्टिकची चकती, आणि बाजूंना कागदाइतकं पातळ रंगीत वेष्टन. एवढंच दोन ध्रुवांना वेगळं ठेवतं. पॅकमध्ये याहून जास्त संरक्षणाची गरज नव्हती, कारण तिथे त्याला कुणाचा हात लागणार नव्हता. खिशातली किल्ली किंवा नाणं टोपी आणि कड यांना एकदम टेकलं की मेकॅनिकल मॉडमधला तोच शॉर्ट मांडीवर होतो. म्हणून प्लास्टिकची डबी. वेष्टनाला चीर पडली असेल तर तापवून आक्रसणारी नवी नळी आणि नवी चकती बसवता येते. दोन्ही अगदी स्वस्तात मिळतात. डबा चेपलेला असेल तर मात्र तो सेल पुन्हा वापरायचा नाही. २ व्होल्टच्याही खाली उतरलेल्या सेलला पुन्हा चार्ज करून ‘जिवंत’ करू नये. तिथे आतला तांब्याचा पत्रा विरघळलेला असू शकतो, आणि चार्ज करताना ते तांबं भलतीकडे जाऊन साचतं.

जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने पॅकमधून सुटे केलेले १८६५० सेल वापरू नका असा जाहीर इशारा दिला. सेल बनवणाऱ्या बड्या कंपन्यांचं म्हणणंही तेच आहे. व्हेपच्या बाजारानेही दरम्यान दिशा बदलली: आता बहुतेक नवखे सेल आत कायमचा बसवलेल्या छोट्या व्हेपपासून, म्हणजे पॉडपासून, सुरुवात करतात, आणि सेलच्या बाबतीत तोच मार्ग शहाणपणाचा. एकदा वापरून फेकायच्या व्हेपमध्येही सेल बंदच असतो, पण तो कचऱ्यात जातो आणि कचऱ्याच्या गाडीत दाबला जातो. ब्रिटनने १ जून २०२५ पासून अशा व्हेपच्या विक्रीवर बंदी घातली.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात बंद आहे; लंडनहून पुण्याला येणाऱ्याने व्हेप सामानात आणू नये. पण उघडा सेल इथे दुसऱ्या वाटेने पोहोचलाच आहे. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले सेल घरगुती पॉवर बँकांत, सायकलींच्या बॅटऱ्यांत, मुलांच्या प्रोजेक्टमध्ये बसतात, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे सेलही मिळतात. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, त्यानंतर केंद्राने वाहनांच्या बॅटऱ्यांसाठीचे एआयएस-१५६ नियम कडक केले. ते नियम वाहनाच्या पॅकसाठी आहेत. फोडलेल्या पॅकमधून निघालेल्या सेलला ते लागू होत नाहीत. त्याच्यासाठी राखणदार म्हणून संरक्षक बोर्ड लावावा लागतो, जोडणीतल्या सेलांच्या संख्येला साजेसा. आणि जो सेल फुगला, चेपला, किंवा चार्ज करताना हाताला गरम लागला, त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यावा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी तो परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.